मोसंबी न कापता गोडी मोजता येते काय?

प्रश्न (मोसंबी उत्पादक, भडगाव):
आंबे बहराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली) फळे तोडणीला आली आहेत. दर वेळी आठ-दहा फळे कापून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या (रसातील गोडी मोजणाऱ्या उपकरणाच्या) काचेवर टाकतो. परंतु उरलेल्या फळांची हमी व्यापाऱ्याला देता येत नाही. प्रकाशावर चालणारे यंत्र मोसंबीला लागू पडते काय?

उत्तर (जळगाव):
पडते, मात्र सफरचंदाइतके सहज नाही. यंत्र साधारण ७०० ते ११०० नॅनोमीटरचा, बहुतांशी डोळ्यांना न दिसणारा प्रकाश फळात सोडते आणि परतलेल्या प्रकाशात कोणती तरंगलांबी किती शोषली गेली यावरून ब्रिक्सचा, म्हणजे रसातील साखरेच्या प्रमाणाचा, अंदाज बांधते. अडचण अशी, की ९७० नॅनोमीटरच्या आसपास पाणीच इतके शोषण करते की साखरेची खूण झाकोळते, शिवाय जाड साल आणि तिच्याखालचा पांढरा थर प्रकाश विखुरतात. आंबटपणाचा अंदाज तर आणखी कच्चा, कारण रसात आम्लाचे प्रमाणच थोडे असते.

उत्तर (पाचोरा):
आमच्या गटाने संत्र्यासाठी जुळवलेले यंत्र तसेच मोसंबीला लावले आणि फसलो. नंतर आपल्याच बागेतील फळांवर खूण करून, यंत्र टेकवलेल्या जागेचाच रस काढून आकडे जुळवले, तेव्हा मेळ बसू लागला. उन्हात तापलेले फळ मोजू नये. तापमानाने वाचन सरकते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. उद्या सकाळी, ऊन चढण्याआधी, खुणा करायला घेतो.