विंगर म्हणजे कोणत्या विंगचा?

ग्रुप: सोसायटी (फक्त कामाचे मेसेज)
शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५

सेक्रेटरी, ए-१०२ (स. ९:०५): सर्व सभासदांना कळविण्यात येते की ऑक्टोबरअखेर सात फ्लॅटची मेंटेनन्सची थकबाकी आहे. रक्कम किरकोळ असली तरी ऑडिटरने शेरा मारला आहे. उद्यापर्यंत भरून सहकार्य करावे.

बी-१०४: किरकोळ आहे ना, मग शेरा कशाला? ऑडिटरला दुसरं काम नाही का

बी-५०४ बंड्या (ग्वांगजू, दक्षिण कोरिया): दादा, किरकोळ रकमेचा महिमा आमच्याकडे येऊन बघा. इथल्या फुटबॉल क्लबने ३,००० डॉलर भरले नाहीत, तर फिफाने नवे खेळाडू नोंदवायलाच बंदी घातली.

ए-४०३ काका: ३,००० डॉलर म्हणजे आजच्या भावाने अडीच-पावणेतीन लाख. क्लबच्या हिशेबात चिल्लर. कसली थकबाकी?

बंड्या: काका, एका विंगरची. यासिर असानी, अल्बेनियाचा. २०२३ ला हंगेरीहून ग्वांगजूला आणला होता.

बी-१०४: विंगर म्हणजे कोणत्या विंगचा?

खजिनदार, ए-२०३: थकबाकी आहे म्हणजे बी विंगचाच असणार.

बी-१०४: काका सकाळी सकाळी

बंड्या: विंगर म्हणजे मैदानाच्या कडेने पळणारा. असानी उजव्या कडेला खेळतो आणि आहे डावखुरा. त्यामुळे कडेने जाता जाता अचानक आत वळतो आणि डाव्या पायाने लांबून हाणतो. हे सगळ्या बचावपटूंना ठाऊक असतं, तरी आत वळल्यावर त्याला अडवता येत नाही.

ए-४०३ काका: ते राहू दे. बिल कसलं होतं ते सांग.

बंड्या: खेळाडूची पैसे देऊन ट्रान्स्फर झाली की त्या रकमेतले ५ टक्के बाजूला काढायचे. ते जातात त्याला लहानपणापासून घडवणाऱ्या क्लबांना. वयाची १२ ते २३ वर्षं धरतात. जो जितकी वर्षं ज्या क्लबात, तितका त्या क्लबाचा वाटा.

ए-३०१ काकू: अगं बाई, ही तर गुरुदक्षिणा!

बंड्या: हो काकू, आणि ती बुडवली तर अंगठा फिफा कापते.

ए-४०३ काका: ५ टक्क्यांची विभागणी कशी?

बंड्या: पहिली ४ वर्षं दरवर्षी पाव टक्का, पुढची ८ वर्षं अर्धा टक्का.

ए-४०३ काका: १ अधिक ४. बरोबर, जुळलं.

सेक्रेटरी: मग भरले का नाहीत? पैसे नव्हते?

बंड्या: पैशाचा प्रश्नच नव्हता काका. ज्या कर्मचाऱ्याकडे हे काम होतं तो रजेवर गेला, आणि काम कोणाच्या हाती दिलंच नाही. २०२४ च्या डिसेंबरात बंदी लागली. क्लबला पत्ताच नाही! त्यांनी हिवाळ्यात नवे खेळाडू घेतले, नोंदवले, खेळवले. मे २०२५ मध्ये बोभाटा झाला. मग दुसरे क्लब म्हणू लागले की यांच्या मॅच रद्द करा. शेवटी कोरियन असोसिएशनने निकाल कायम ठेवले.

सेक्रेटरी: हे पिन करून ठेवतो. खजिनदार, तुम्ही डिसेंबरात दुबईला जाताय ना?

खजिनदार, ए-२०३: वाचलं मी.

सी-२०२: बंड्या, हा असानी म्हणजे यंदाच्या आशियाई क्लब स्पर्धेत आमच्या एफसी गोवाच्या गटात जो क्लब होता त्यातला ना? इस्तिक्लोल? मडगावकडचे सगळे मॅच बघत होते.

बंड्या: नाही हो. तुमच्या गटात होता तो ताजिकिस्तानचा, दुशान्बेचा इस्तिक्लोल. असानी या ऑगस्टपासून तेहरानच्या इस्तेघलालमध्ये आहे. नावाचा अर्थ दोघांचा एकच, स्वातंत्र्य. क्लब वेगळे, देश वेगळे.

सी-२०२: च्यायला. म्हणजे मी दोन महिने चुकीच्या क्लबला शिव्या घातल्या.

बी-१०४: गोव्याच्या ग्रुपमध्ये रोनाल्डो होता ना?

सी-२०२: त्याचा अल-नस्र होता. २२ ऑक्टोबरला फातोर्ड्याला आले, रोनाल्डो नव्हता. २-१ ने हरलो, पण ब्रायसनने गोल मारला. तिकिटाचे पैसे तिथेच वसूल.

ए-३०१ काकू: बंड्या, हा मुलगा अल्बेनियाचा म्हणतोस, पण जन्म कुठला?

बंड्या: स्कोप्येचा. १९९५ चा जन्म. म्हणजे आताच्या उत्तर मॅसिडोनियाचा, पण घरचे अल्बेनियन.

ए-३०१ काकू: स्कोप्ये? मदर तेरेसांचा जन्म तिथलाच. १९१०. मी पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, विसरणार नाही. त्यांच्याही घरचे अल्बेनियनच.

बंड्या: अगदी बरोबर. तिरानाच्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे.

बी-१०४: पण जन्म एका देशात आणि खेळतो दुसऱ्या देशाकडून, हे कसं चालतं?

ए-३०१ काकू: का नाही चालणार? माझं माहेर बेळगाव. राज्य कर्नाटक, घरी बोलणं मराठी. त्यात काय आहे?

सेक्रेटरी: काकू, विनंती आहे, विषय बेळगावकडे नेऊ नका. मागच्या वेळी चार जण ग्रुप सोडून गेले होते.

ए-३०१ काकू: मी फक्त उदाहरण दिलं.

बंड्या: काकूंचं उदाहरण चपखल आहे. अल्बेनियाची लोकसंख्या २०२३ च्या जनगणनेत २४ लाख. २०११ ला आपल्या एकट्या नागपूर शहराची होती तेवढी. बाकीचे अल्बेनियन कोसोवोत, मॅसिडोनियात, स्वित्झर्लंड-जर्मनीत विखुरलेले. त्यामुळे संघात निम्मे बाहेर वाढलेले असतात. २०१६ च्या युरो स्पर्धेत तर झाका भाऊ समोरासमोर आले. तौलंत अल्बेनियाकडून, ग्रानित स्वित्झर्लंडकडून. आई स्टँडमध्ये अर्धा या देशाचा, अर्धा त्या देशाचा असा टी-शर्ट घालून बसली होती.

ए-३०१ काकू: बिचारी. कोण जिंकलं?

बंड्या: स्वित्झर्लंड, १-०.

ए-३०१ काकू: बरोबरीत सुटायला हवी होती.

बी-१०४: पण एक सांग बंड्या. युरोपातला माणूस कोरियात खेळायला जातो म्हणजे तिकडे डाळ शिजली नाही म्हणूनच ना? आता इराण. हे म्हणजे उतरणीला लागलेलं करिअर.

बंड्या: दादा, इथेच तुम्ही चुकताय. टाइप करतोय, थांबा.

बंड्या: स्कोप्येत सुरुवात. मग तिरानाचा पार्तिझानी. मग हंगेरीतलं किश्वार्दा. किश्वार्दा नकाशात शोधा, पार ईशान्य कोपऱ्यात युक्रेनच्या सीमेजवळचं, आपल्या तालुक्याच्या ठिकाणाएवढं गाव. तिथून २०२३ ला ग्वांगजू. क्लब महापालिकेच्या पाठबळावरचा, २०२२ ला दुसऱ्या डिव्हिजनमधून नुकताच वर चढलेला. याचं वय २७. मार्चमध्येच इंचॉनविरुद्ध हॅटट्रिक, मॅच ५-०. आणि अल्बेनियाच्या सीनियर संघात खेळायला लागला तोही २०२३ मध्येच. म्हणजे युरोपात असताना जे दार उघडलं नाही ते कोरियात गेल्यावर उघडलं. उतरण कुठे आहे यात?

बंड्या: पुढे ऐका. सप्टेंबर २०२३, तिरानात पोलंडशी मॅच. लांबून डाव्या पायाने असा मारला की गोलकीपर नुसता बघत राहिला. २-० जिंकले. ऑक्टोबरात चेक प्रजासत्ताक, नवव्या मिनिटाला परत याचाच गोल, ३-०. त्या पात्रता गटात पोलंड आणि चेक दोघे असताना अल्बेनिया पहिला आला आणि युरो २०२४ ला गेला.

सी-२०२: युरोतली ती मॅच बघितलेली. इटलीविरुद्ध २३ सेकंदांत गोल केला होता ना अल्बेनियाने?

बंड्या: तो बायरामीचा. युरोच्या इतिहासातला सगळ्यात झटपट गोल. हरले मात्र २-१ ने. पुढची क्रोएशियाशी २-२. त्यात पहिला गोल लाचीने डोक्याने मारला, तो क्रॉस उजवीकडून असानीचा. शेवटी स्पेनशी १-० हरून बाहेर. पण विचार करा, समोर क्रोएशियाच्या मॉड्रिचसारखा दिग्गज, आणि हा माणूस येतो कुठून तर ग्वांगजूहून.

ए-४०३ काका: बंड्याचं मला पटलं. ट्रान्स्फर म्हणजे शेवटी बदलीच. बँकेने मला रिसोडला टाकलं तेव्हा सगळे म्हणाले, याची लागली वाट. पण मोठ्या शाखेत मी दहावा होतो, रिसोडला सगळं माझ्याच टेबलावर यायचं. काम तिथे शिकलो. प्रमोशनही तिथूनच झालं.

ए-३०१ काकू: भावजी, वहिनी अजून त्या रिसोडच्या पाण्याबद्दल बोलतात.

ए-४०३ काका: पाणी हा वेगळा विषय.

सेक्रेटरी: पाण्यावरून आठवलं, मंगळवारी टाकी साफ करणार आहेत, सकाळी ११ ते ३ पाणी नाही.

बी-१०४: बंड्या, तू स्वतः बघितलंयस का त्याला खेळताना, की सगळं यूट्यूब?

बंड्या: स्टेडियममध्ये जाऊन! १७ सप्टेंबर २०२४. आशियाई चॅम्पियन्स लीग, ग्वांगजूची आयुष्यातली पहिलीच आशियाई मॅच. समोर जपानचा योकोहामा एफ. मारिनोस. त्या दिवशी इथे चुसोक, म्हणजे आपली सर्वपित्री आणि दिवाळी एकाच दिवशी असं काहीतरी. सगळे आपापल्या गावी गेलेले, लॅब बंद, मेस बंद. एकटा बसून काय करू, म्हणून गेलो. ७-३! असानीची हॅटट्रिक.

ए-३०१ काकू: थांब थांब. १७ सप्टेंबर २०२४ म्हणजे अनंत चतुर्दशी. आपला गणपती विसर्जनाला निघाला तेव्हा तुझी आई व्हिडिओ कॉल लावून दमली. तू म्हणालास लॅबमध्ये आहे.

बंड्या: (हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे)

बी-५०४ आई: वाचला मी. तू रात्री फोन कर.

सी-२०२: गेला बंड्या.

बंड्या: आई, तेच स्टेडियम आहे ज्यात २००२ च्या वर्ल्ड कपात कोरियाने स्पेनला पेनल्टीवर हरवलं. ऐतिहासिक वास्तू म्हणून गेलो होतो.

बी-५०४ आई: रात्री.

ए-४०३ काका: पुढे काय झालं त्या स्पर्धेत?

बंड्या: दुसरी मॅच कावासाकीशी, असानीच्या पेनल्टीवर १-०. तिसरी मलेशियाच्या जोहोरशी, पहिल्या सहा मिनिटांत याचे दोन गोल, ३-१. तीन मॅच, सहा गोल. पण ती तिसरी मॅच घरची असूनही घरी झाली नाही. मैदानातलं गवत इतकं उडालं होतं की आशियाई महासंघाने परवानगी नाकारली. पार वर सोलजवळच्या योंगिनला जाऊन खेळावं लागलं.

खजिनदार, ए-२०३: गवत उडालेलं म्हणजे आपल्या बागेसारखं.

सेक्रेटरी: बागेच्या कामाचं कोटेशन मागवलेलं आहे.

बी-१०४: तीन वर्षांपासून मागवलेलं आहे.

बंड्या: आणि मार्च २०२५. बाद फेरी, जपानचा चॅम्पियन व्हिसेल कोबे. तिकडे २-० ने हरून आलेले, इथे मार्चची थंडी. पहिला गोल पार्क जंग-इनचा. सामना संपायला पाच मिनिटं असताना पेनल्टी, असानी, दोन्ही मॅच मिळून २-२. जादा वेळ. ११८ व्या मिनिटाला तो परत तस्साच आत वळला आणि मारला. ३-०. माझ्या शेजारी एक आजोबा होते, भाषा कळत नव्हती, पण त्यांनी मला मिठी मारली आणि पिशवीतलं उकडलेलं रताळं हातात दिलं.

ए-३०१ काकू: हे छान सांगितलंस.

सी-२०२: मग फायनल?

बंड्या: उपांत्यपूर्व फेरीत जेद्दाहला सौदीच्या अल-हिलालशी ७-०. आमच्यावर.

बी-१०४: सात??

बंड्या: पगारातला फरक मैदानात दिसतो दादा. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की महिन्याच्या आत ती ३,००० डॉलरची भानगड बाहेर आली आणि मग सगळे तेच बोलत राहिले. ज्या खेळाडूने क्लबला आशियात नेऊन बसवलं, त्याच्याच गुरुदक्षिणेचे पैसे राहिले होते.

ए-४०३ काका: म्हणून मी म्हणतो, चार्ज लेखी द्यायचा. प्रत्येक बदलीच्या वेळी मी सही घेतल्याशिवाय खुर्ची सोडली नाही.

ए-३०१ काकू: आणि इराणला कशाला गेला तो मुलगा? जूनमध्ये तर तिथे बॉम्ब पडत होते.

बंड्या: त्याच्या मनातलं मला काय माहीत काकू. तिथे फुटबॉलचं वेड आहे, क्लब मोठा आहे, आणि वय ३०. विंगरचे पाय फार वर्षं साथ देत नाहीत.

सी-२०२: आता अल्बेनियाचं काय? वर्ल्ड कप?

बंड्या: इंग्लंडच्या गटात दुसरे आले. ऑक्टोबरात सर्बियात जाऊन १-० जिंकले, मनाजचा गोल. त्या दोन देशांमधलं वैर बघता ती मॅच म्हणजे काय असेल विचार करा. आता २६ मार्चला प्ले-ऑफ, वॉर्सात. समोर कोण, सांगा?

सी-२०२: पोलंड!

बंड्या: पोलंडच.

बी-१०४: क्लबहाऊसचा टीव्ही लावा त्या दिवशी.

सेक्रेटरी: टीव्हीच्या रिचार्जचे पैसे मेंटेनन्समधूनच जातात. मूळ विषयावर येऊ या का?

बी-१०४: भरले काका. आत्ता. यूपीआयने. स्क्रीनशॉट टाकतो.

खजिनदार, ए-२०३: मिळाले. पण रिमार्कमध्ये तुम्ही बी-४०१ लिहिलंय.

बी-४०१: धन्यवाद दादा!

बी-१०४: अहो नाही, एक मिनिट

सेक्रेटरी: खजिनदार, दुबईला जायच्या आधी हे मिटवून, चावी आणि पासबुक ए-४०३ कडे द्या. लेखी.

ए-४०३ काका: दोन प्रतीत.