अकरावी रसायनशास्त्र: मोलच्या गणितांसाठी काय घ्यावं? (नाशिक, बजेट १५०० रुपये)

पाथर्डी_फाटा
मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. आता अकरावी सायन्स, स्टेट बोर्ड. मोलच्या गणितांवर अडली आहे. माझं शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळे घरी तपासून देणारं कोणी नाही. दिवाळीपर्यंत १५०० रुपये खर्च करू शकते. गाईड, क्लास की ॲप?
कालचा गृहपाठ: ५.६ ग्रॅम नायट्रोजन आणि १ ग्रॅम हायड्रोजन यांपासून जास्तीत जास्त किती अमोनिया मिळेल? तिचं उत्तर ६.८ ग्रॅम, दिलेलं उत्तर ५.६७. तीनदा केलं, तीनदा ६.८च आलं.

सातपूर_लॅब
ताई, हे उत्तर चुकलंय हे तुम्हालाही पकडता येईल. आत घातलं ५.६ अधिक १, म्हणजे ६.६ ग्रॅम. बाहेर ६.८ येणार कुठून?
आता चूक कुठे झाली ते बघा. ग्रॅमला पदार्थाच्या मोलर वस्तुमानाने, म्हणजे त्याच्या एका मोलच्या ग्रॅमने, भागलं की मोल येतात. नायट्रोजन ५.६ ÷ २८ = ०.२ मोल. हायड्रोजन १ ÷ २ = ०.५ मोल. ०.२ लहान दिसतो म्हणून तिने नायट्रोजन आधी संपेल असं धरलं. पण समीकरणात एक मोल नायट्रोजनला तीन मोल हायड्रोजन लागतो आणि दोन मोल अमोनिया मिळतो. म्हणजे ०.२ ला ०.६ हवा, आणि आहे ०.५. हायड्रोजनच आधी संपतो.
मोल काढले की लगेच तुलना करायची नाही. प्रत्येकाला समीकरणातल्या त्याच्या सहगुणकाने भागायचं: ०.२ ÷ १ = ०.२ आणि ०.५ ÷ ३ = ०.१६७. यातला लहान तो लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपणारा पदार्थ. मग अमोनिया ०.५ × २ ÷ ३ = ०.३३३ मोल, गुणिले १७ केले की ५.६७ ग्रॅम. नायट्रोजन उरतो ०.९३ ग्रॅम. दोन्हींची बेरीज ६.६. तुमच्या भाषेत जमाखर्च जुळला. प्रत्येक गणिताखाली हा जमाखर्च तिला लिहायला लावा. गाईड मात्र आणू नका, मुलं पायऱ्या उतरवून घेतात आणि झालं म्हणतात.

गंगापूर_रोडकर
१५०० मध्ये दिवाळीपर्यंत काही होणार नाही, स्पष्ट सांगतो. घरी येणारे सर लावा, महिन्याला तीन-चार हजार जातील पण पाया पक्का होईल. सर निवडताना पहिल्याच दिवशी हे अमोनियाचं गणित समोर ठेवा. त्यांनी स्वतः भराभर सोडवून दाखवलं तर दुसरे बघा. पेन मुलीच्या हातात ठेवून ‘हा ०.५ कशाचा?’ असं विचारत असतील तर लगेच ठरवून टाका.

रविवार_कारंजा
बजेट १५०० सांगितलंय, चार हजारांचे सर कशाला? मराठी माध्यमाच्या मुलांना गणित येतं, प्रश्नाचं वाक्य कळत नाही. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘द्रव्याचे मोजमाप’ हा धडा आहे, त्यात मोल मराठीतून आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते. दोन दिवस तोच धडा वाचू दे, मग इंग्रजी पुस्तक.
सोबत शब्दांची एक छोटी वही. ‘इन एक्सेस’ म्हणजे गरजेपेक्षा जास्त. हा शब्द एका पदार्थाला लावला असेल तर दुसराच लिमिटिंग, वेगळं तपासायला नको. ‘रिस्पेक्टिव्हली’ म्हणजे अनुक्रमे; हा निसटला की दोन आकड्यांची अदलाबदल होते. ‘ॲनहायड्रस’ म्हणजे स्फटिकजल नसलेलं. गाईड नकोच.

द्वारका_सर्कल
फोटो काढला की उत्तर देणारी ॲप फुकट आहेत. पैसे घालवू नका.

रविवार_कारंजा
फुकट आहेत, पण परीक्षेच्या हॉलमध्ये फोन नसतो.

कॉलेज_रोड_क्लास
वर सांगितलंय तरी पुन्हा सांगतो, कारण निम्मे गुण इथेच जातात: आकडा एकटा लिहू नये. ‘०.५’ नाही, ‘०.५ मोल हायड्रोजन’. पदार्थाचं नाव आणि एकक सोबत असलं की चुकीचा भागाकार डोळ्याला खुपतो.
उदाहरण: ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, द्रावण २५० मिलीलिटर. मोल ४ ÷ ४० = ०.१. मुलं ०.१ ला २५० ने भागतात आणि ०.०००४ लिहितात. मोलॅरिटी म्हणजे एका लिटर द्रावणातले मोल, म्हणून ०.१ ÷ ०.२५ = ०.४. मोलॅलिटीत खाली द्रावकाचे किलोग्रॅम येतात, द्रावणाचे लिटर नाही. ही दोन सूत्रं एकाच दिवशी शिकवूच नयेत, मध्ये चार दिवस जाऊ द्यावेत.
आणि मधल्या पायरीला आकडा तोडू नका. ०.१६७ चे ०.१७ केले की अमोनिया ५.६७ ऐवजी ५.७८ येतो. शेवटी एकदाच पूर्णांकन करायचं.

सातपूर_लॅब
वायूंच्या गणितात मात्र एक मोल वायूचं आकारमान म्हणून २२.४ लिटर डोळे झाकून वापरू नये. आयुपॅकने (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार केला, तेव्हापासून मोलर आकारमान २२.७ लिटर.

कॉलेज_रोड_क्लास
परीक्षेत २२.४च चालतं. प्रश्नात ५.६, ११.२, ४४.८ लिटर दिसले की प्रश्न काढणाऱ्याच्या मनात २२.४ आहे हे उघड आहे. ५.६ ला २२.७ ने भागलं तर ०.२४७ येतं आणि पर्यायात असतं ०.२५.

सातपूर_लॅब
मग मुलीला दोन्ही सांगा. दाब १ ॲटमॉस्फिअर लिहिला असेल तर २२.४, १ बार असेल तर २२.७. तापमान दोन्हीकडे ० अंश सेल्सिअस. न वाचता पाठ केलेला आकडा बारावीत अडचणीत आणतो.

गंगापूर_रोडकर
म्हणूनच म्हणतो, सर लावा.

निफाडकर
ताई, द्राक्षबागेतलं एक गणित देतो. बुरशीवर फवारतात त्या एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचुदाची मोलॅरिटी किती?
मुलं कॉपर सल्फेटचं मोलर वस्तुमान १५९.५ घेतात आणि उत्तर ०.०६३ काढतात. ते चूक आहे. निळ्या स्फटिकात पाच रेणू पाणी असतं, म्हणून १५९.५ अधिक ९० = २४९.५. हजार ग्रॅम भागिले २४९.५ म्हणजे ४ मोल, १०० लिटरला ०.०४. डब्यावरचं सूत्र आधी वाचायचं, मग वस्तुमान काढायचं.
आणि मोरचूद लोखंडी पिंपात का कालवत नाहीत, हेही तिला विचारा. लोखंड द्रावणात उतरतं आणि तांबं पिंपाला चिकटतं. मिश्रण तयार झालं की त्यात लोखंडी पातं बुडवून बघतात, ते याच कारणाने. पात्यावर लालसर थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून चुना हवा. तसंच फवारलं तर पानं करपतात.

पाथर्डी_फाटा
सगळ्यांचे मनापासून आभार. नववीचा धडा उतरवून घेतला, शब्दांची वहीही केली. पण तुम्ही सगळे नको म्हणालात तरी गाईड घेणार आहे, उद्या शालिमारला जाऊन आणते. सर, क्लास, ॲप काही नाही. गाईड माझ्या कपाटात राहील. तिने गणित सोडवून खाली जमाखर्च लिहिला की मी फक्त शेवटची ओळ ताडून बघेन. चुकलं तर ‘चुकलं’ एवढंच सांगेन, पायरी दाखवणार नाही. मलाच तपासता येत नाही, म्हणून ते पुस्तक मला हवंय.
मोरचुदाचं गणित तिने रात्री केलं. आधी ०.०६३ लिहिलं, मग स्वतःच खोडून २४९.५ घेतले. आता विचारते आहे, चुनाही १ किलोच आहे, मग त्यातलं आधी संपतं काय?

गंगापूर_रोडकर
गाईड आणताय, पस्तावाल.

निफाडकर
नेमका प्रश्न विचारला पोरीने. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, मोलर वस्तुमान ५६. हजार भागिले ५६ म्हणजे जवळपास १७.९ मोल. मोरचूद ४ मोल. साधं समीकरण धरलं तर एकास एक लागतं, म्हणजे मोरचूद लिमिटिंग आणि चुना इन एक्सेस. बाजारातला चुना पूर्ण शुद्ध नसतो आणि तांबं मोकळं राहू द्यायचं नसतं, म्हणून तो मुद्दाम जास्त घेतात. चुना किती मोल उरला ते आता तिला काढायला सांगा.