मदत हवी आहे: बँक लोनचा हप्ता सोडत नाहीये, त्यात टीव्ही लायसन्सचं तिसरं पत्र

कृष्णाकाठची
नमस्कार, प्लीज लवकर उत्तर द्या, अकराच दिवस उरलेत. दुसऱ्या सेमिस्टरची फी भरायचीय आणि बँक एज्युकेशन लोनचा दुसरा हप्ताच सोडत नाहीये, म्हणजे मंजूर झालेले पैसेच देत नाहीये. त्यांना युनिव्हर्सिटीचं फी मागणारं पत्र ओरिजिनल पाहिजे, शाईची सही आणि गोल शिक्का असलेलं, आणि युनिव्हर्सिटी म्हणते आम्ही कागदावर काही देतच नाही, पोर्टलवरून पीडीएफ घ्या. बाबा या महिन्यात चारदा शाखेत जाऊन आले, दर वेळी नवीन माणूस, नवीन कागद, शेवटच्या वेळी साहेब रजेवर. पहिला हप्ता असल्याच पीडीएफवर सुटला होता!! त्यात आज टीव्ही लायसन्सवाल्यांचं तिसरं पत्र, लाल अक्षरात, की तपासणीला माणूस येऊ शकतो आणि १००० पौंडांपर्यंत दंड. टीव्ही हॉलमध्ये आहे पण आमचा नाहीये, आधीपासून होता. फीला पैसे नाहीत, हे कुठून भरू? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

चहा_कमी_साखर
पौंड म्हणताय म्हणजे यूके धरतो. लोन किती, तारण आहे का, बँक सरकारी की खाजगी? सँक्शन लेटरमध्ये, म्हणजे कर्जमंजुरीच्या पत्रात, काय लिहिलंय? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार.

लेस्टरचा_काका
टीव्हीचं मी सांगतो, १९ वर्षं झाली इथे. लाइव्ह टीव्ही बघायचा तर इथे वर्षाचे पैसे भरून लायसन्स काढावं लागतं. हॉलमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलात, राहतेस ना बाळा, मग तुझ्या खोलीपुरतं लायसन्स तुझं तुलाच लागतं. पण लॅपटॉप चार्जरला न लावता बॅटरीवर बघितला तर आईवडिलांच्या लायसन्समध्ये चालतं, काळजी करू नकोस.

पुणे_ते_लीड्स
काका, ही सवलत आईवडिलांच्या यूकेतल्या घराला लायसन्स असेल तरच. भारतातून आलेल्या पोरांना तिचा काही उपयोग नाही. हेच ऐकून आमच्या घरातला एकजण वर्षभर निर्धास्त बसला होता. कृपया असं सांगू नका.

कृष्णाकाठची
अहो काका, हॉल म्हणजे बैठकीची खोली! भाड्याच्या घरात राहतो आम्ही चौघी. लोन २२ लाख, सरकारी बँक, बाबा को-अप्लिकंट आणि आमचं राहतं घर तारण. सँक्शन लेटर बाबांकडे आहे, फोटो मागवते. पण मला आधी बँकेचं सांगा ना, टीव्हीचं नंतर बघू.

गौरी_आई
माझ्या मुलाने २०२३ ला इथे डिग्रीला ॲडमिशन घेतली, त्याचं लोन प्लॅन ५ मध्ये आहे. पगार वर्षाला २५००० पौंडांच्या वर गेला की वरच्या रकमेच्या ९ टक्के कापतात आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ. एवढं टेन्शन नको घेऊस ग.

पुणे_ते_लीड्स
ताई, ते इथल्या सरकारचं लोन, स्टुडंट व्हिसावर आलेल्यांना मिळत नाही. हिच्या बाबांचं घर गहाण आहे, माफीबिफी काही नाही.

नाशिक७१
मी सांगतो तो एकच रामबाण उपाय, अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी दाखला. ते पीडीएफ इथल्या नोटरीकडून सर्टिफाय करून घ्यायचं आणि इथल्या सरकारकडून अपोस्टिल लावायचं. भारतही अपोस्टिल मानणाऱ्या देशांच्या करारात आहे, बँकेला नाही म्हणता येणार नाही. माझी पॉवर ऑफ ॲटर्नी तशीच केली होती, आणि हो, ती भारतात पोचल्यावर ३ महिन्यांत स्टॅम्प ड्युटी भरावी लागते, ते विसरू नका.

माजी_कॅशियर
तिने पॉवर ऑफ ॲटर्नी विचारलेलीच नाही. आणि अपोस्टिल मिळालं तरी शाखेतला माणूस ते उलटंपालटं करून बघणार आणि विचारणार, हे काय? पैसे आणि दिवस दोन्ही जातील.

बेटा, मी २८ वर्षं बँकेत काढली, त्यातली ६ कर्ज विभागात. ओरिजिनल मागणाऱ्याला तुझ्या शिक्क्यात काही रस नाही, त्याला ऑडिटची भीती आहे. उद्या इन्स्पेक्शनमध्ये शेरा आला की कोणाच्या सांगण्यावरून प्रिंटआउटवर पैसे सोडले, तर उत्तर त्याला द्यायचंय, पहिला हप्ता सोडणारा बदलून गेला असणार. म्हणून त्याच्या फाइलला लागेल असा कागद त्याला द्या. युनिव्हर्सिटीच्या फी ऑफिसला सांग की पत्र तुला नको, त्यांच्या ऑफिशियल आयडीवरून थेट शाखेच्या ऑफिशियल आयडीवर मेल करा, तुला सीसीत ठेवा. मग बाबांनी साधा अर्ज द्यायचा, अमुक तारखेला थेट मेल आलाय, पहिला हप्ताही ई-पत्रावरच दिला होता, सबब दुसरा सोडावा, आणि नाकारत असाल तर कारण लेखी द्यावं. दोन प्रती काढा, एकीवर इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही. तोंडी बोलणं बँकेत कुठेच राहत नाही, बाबांच्या चारही फेऱ्यांची आज तिथे नोंद नसेल.

चहा_कमी_साखर
सरळ रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाका ना, २०२१ पासून सगळ्यांसाठी एकच पोर्टल आहे, घरबसल्या होतं.

माजी_कॅशियर
आधी बँकेकडे लेखी तक्रार लागते. त्यांनी फेटाळली, किंवा ३० दिवस उत्तरच दिलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर लोकपाल. हिच्याकडे ११ दिवस आहेत. पण ते ३० दिवस मोजायलासुद्धा इनवर्डचा शिक्काच लागतो.

पुणे_ते_लीड्स
युनिव्हर्सिटीकडे आजच मुदत माग. सँक्शन लेटर जोडून लिही की पैसे मंजूर आहेत, सुटायला उशीर होतोय. फी थकली म्हणून नाव कमी केलं तर ते होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याला, कळवतात आणि मग व्हिसाच धोक्यात येतो, त्यामुळे गप्प बसू नकोस. आणि पुन्हा टीव्ही: तुमच्यापैकी कोणी लाइव्ह काही बघतं का? भाडेकरार एकत्र आहे की प्रत्येकीचा वेगळा?

कृष्णाकाठची
करार एकच, चौघींच्या सह्या आहेत. त्या टीव्हीला ॲन्टेनाच नाही. मी नेटफ्लिक्स आणि यूट्यूबवरच्या मालिका बघते, पण एक मैत्रीण भारतातल्या ॲपवर क्रिकेट बघते, लाइव्ह.

लेस्टरचा_काका
मग लागतं बाळा. ॲप कुठल्याही देशाचं असो, लॅपटॉप असो की मोबाइल, लाइव्ह म्हटलं की लायसन्स. आणि बीबीसी आयप्लेयरला, म्हणजे बीबीसीच्या ॲपला, २०१६ पासून लाइव्ह नसलं तरी लागतं. मघाशी हॉलचं मी चुकीचं समजलो.

नाशिक७१
काही घेऊ नका, माणूस आला तर दारच उघडायचं नाही. वॉरंटशिवाय त्याला घरात येता येत नाही.

पुणे_ते_लीड्स
वॉरंटचं बरोबर आहे, पण मॅच लाइव्ह बघणाऱ्या घराला हा सल्ला देऊ नका, दंड तिच्या नावावर येईल. दोनच रस्ते आहेत. मॅच बंद करा आणि साइटवर लायसन्स लागत नाही असं जाहीर करा, पत्रं साधारण दोन वर्षं थांबतात. नाहीतर लायसन्स घ्या, एप्रिल २०२५ मध्ये ते वर्षाला १७४.५० पौंड झालं होतं, करार एकत्र असल्यामुळे घराला एकच पुरतं, त्या दराने चौघींत ४४ पौंडसुद्धा होत नव्हते. घर सोडताना पूर्ण महिने उरले तर रिफंडही मागता येतो.

गौरी_आई
काउन्सिल टॅक्सची, म्हणजे इथल्या घरपट्टीसारख्या कराची, सूट घेतलीत ना? चौघी फुल टाइम असाल तर लागत नाही, पण पत्र द्यावं लागतं.

कृष्णाकाठची
हो काकू, ते सप्टेंबरमध्येच झालं.

सगळ्यांना अपडेट देते. लायसन्स मैत्रिणीने घेतलं, मॅच तिला सोडवत नाही, पैसे चौघींनी वाटून. युनिव्हर्सिटीने दोन आठवडे वाढवून दिले, आणि त्यांच्या फी ऑफिसातल्या बाईंनी शाखेला थेट मेल केला, एका दिवसात. सँक्शन लेटर नीट वाचलं, त्यात नुसतं "फी डिमांड लेटर" आहे, ओरिजिनल हा शब्दच नाही. बाबांनी अर्जात तेही लिहिलं. आज शिक्का मिळाला. काउंटरवरचा माणूस म्हणाला शिक्क्याची काय गरज, बाबा म्हणाले मी बसतो इथेच. माझे बाबा कधी कोणाशी वर आवाजात बोलत नाहीत, त्यांना हे करावं लागलं याचं मला फार वाईट वाटतंय. आता साहेब म्हणतायत उद्या फाइल पुढे जाईल.

माजी_कॅशियर
बाबांना माझा नमस्कार सांग. उद्या पैसे पाठवताना रेफरन्समध्ये तुझा स्टुडंट आयडी टाकायला लाव, नाहीतर पैसे युनिव्हर्सिटीत पोचतील पण तुझ्या नावावर जमा व्हायचे नाहीत. आणि स्विफ्ट कॉपी, म्हणजे पैसे परदेशी पाठवल्याचा बँकेचा कागद, मागून घ्या.

कृष्णाकाठची
आयडी बाबांना आत्ताच पाठवते. शाखा दहाला उघडते, म्हणजे इथले पहाटेचे साडेचार. अलार्म लावलाय, ते काउंटरवर असताना मी फोनवर असेन.