जबडा दुखायलाय: हळद-जवस खायचं की कडक भाकरी सोडायची?

बाळीवेस (मंगळवार, रात्री ९.४०)
आईचा डावा जबडा तीन महिने झाले दुखायलाय. कानाच्या अगदी पुढ्यात, बोट ठेवलं की कळवळते. सकाळी तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, जांभई आली तर हनुवटीला हात लावून देते. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, जबड्याच्या सांध्याला सूज आहे. रात्री दातांवर घालायची पट्टी, गरम शेक आणि पाच दिवस डायक्लोफिनॅक, म्हणजे सूज-दुखण्याची गोळी. गोळ्या चालू तोवर बरं, संपल्या की पुन्हा तेच.

माझं म्हणणं असं की सूज उतरवणारं बरंच काही आपल्या घरातच असतं. हळद, आलं, जवसाची चटणी, मोसमात डाळिंब. जपानमधल्या संशोधकांनी उंदरांच्या मिशांखाली सूज आणून ल्युटिन दिलं, तर चेहऱ्याची वेदना मेंदूकडे पोचवणाऱ्या पेशींचा थयथयाट कमी झाला. ल्युटिन म्हणजे मेथी-पालकात असतं तेच. अमेरिकेत कोको खाऊ घालून असाच प्रयोग झालाय. मग डॉक्टर जेवणाबद्दल दोन वाक्यंही का बोलत नाहीत? पोट जाळणारी गोळी आधी आणि ताट नंतर, हे मला उलटं वाटतं.

साखर पेठ (रात्री १०.०५)
शंभर टक्के सहमत. आमची आजी दाढ ठणकली की हळद-मीठ-तेल चोळायची. तिला कुणी पुरावा मागितला नाही.

होटगी रोडचा दंतवैद्य (रात्री १०.५०)
आजीला नमस्कार, पण दाढ आणि सांधा वेगळे.

बाळीवेस, त्या प्रयोगात ल्युटिन खाऊ घातलं नव्हतं, उंदरांच्या पोटात टोचलं होतं. त्यावरून मेथीच्या भाजीपर्यंत उडी मारता येत नाही. कोको खाण्यातूनच दिला, खरंय, पण तेही उंदीरच.

आता हळदीचा हिशोब करू. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिच्यातला सूज उतरवणारा म्हणतात तो घटक, साधारण ३ टक्के. चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळद घेतली तर हाती लागतं ९० मिलिग्रॅम. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली माणसांवरची एक चाचणी आहे: गुडघ्याची झीज असलेले १३९ रुग्ण, २८ दिवस. एका गटाला कर्क्युमिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दुसऱ्याला डायक्लोफिनॅक. आराम जवळपास सारखाच पडला आणि कर्क्युमिनवाल्यांना पोटाचा त्रास कमी झाला. हे तुमच्या बाजूचं आहे, मी लपवत नाही. पण तेवढं कर्क्युमिन हळदीतून मिळवायचं तर रोज ५० ग्रॅम हळद लागेल. घालून बघा पिठल्यात. शिवाय कोण काय घेतंय हे त्या रुग्णांना ठाऊक होतं, आणि गुडघा म्हणजे जबडा नव्हे.

साखर पेठ (रात्री ११.१०)
मिरी घालायची की मग! १९९८ साली बंगळुरूत माणसांवर बघितलंय, मिरीतल्या पिपरिनमुळे कर्क्युमिनचं शोषण २० पट वाढलं.

होटगी रोडचा दंतवैद्य (रात्री ११.२२)
कर्क्युमिन मुळात अंगात शोषलंच जात नाही फारसं. शून्याच्या शेजारच्या आकड्याची २० पट. आणि पिपरिन फक्त हळदीवर मेहरबान नसतं, काही औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढवतं.

कन्ना चौक (बुधवार, सकाळी ७.१५)
मी घरी कडक भाकऱ्या करून विकते, म्हणजे माझ्याच पोटावर पाय आणून लिहितेय. बाळीवेसचे दादा, तुम्ही आईच्या जेवणात काय काय घालायचं ते सांगितलं. आई जेवते काय ते सांगितलंच नाही. कडक भाकरी नुसती मोडून शेंगा चटणीबरोबर खात असतील, तर वरून हळद ओता नाहीतर केशर. एक घास मोडताना कानात कट्ट वाजतं, तो सगळा दाब त्या सांध्यावरच जातो. माझ्या मालकांना हाच त्रास होता, त्यात दुपारभर सुपारी तोंडात. मी भाकरी हातानं बारीक चुरून गरम आमटीत दहा मिनिटं झाकून ठेवायला लागले, वर दही. सुपारी सोडवली, ते भांडण वेगळं. दीड महिन्यात जांभई नीट यायला लागली. हळद आमटीत होतीच, आधीही होती.

बाळीवेस (सकाळी ८.३०)
ताई, खरंय, आई रोज नुसतीच खाते. हे डोक्यातच आलं नाही.
डॉक्टर, आकडे पटले. पण गोळ्या बंद करा असं मी कुठं म्हणालोय? जोडीला म्हणतोय. आणि कर्क्युमिनच्या कॅप्सूलची बाटली मी कालच आणलीये.

जुळे सोलापूर (सकाळी ९.१०)
बाटली फोडू नका. आईला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का ते आधी बघा, तिच्याबरोबर रक्तस्रावाची भीती असते. जास्त ताकदीच्या हळदीच्या कॅप्सूलनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. स्वयंपाकातल्या हळदीबद्दल नाही बोलत मी.

दुसरं, दुखणं नक्की कुठलं ते पक्कं करा. माझ्या वहिनीला दात घासताना, गालाला वारा लागला तरी विजेचा झटका बसायचा, काही सेकंदच. वर्षभर काढे झाले, एका ठिकाणी चांगली दाढ उपटली. निघालं काय, चेहऱ्याच्या मोठ्या नसेचं दुखणं, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. कार्बामाझेपिन या नसेच्या दुखण्यावरच्या गोळीनं आठवड्यात फरक. तिथं जवस काय करणार?

होटगी रोडचा दंतवैद्य (दुपारी २.००)
हे महत्त्वाचं. मंद, चावताना वाढणारं दुखणं वेगळं आणि झटका वेगळा. बाळीवेसच्या आईचं सांध्याचंच वाटतं, पण तपासलेल्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. कन्ना चौकच्या ताईंचं मी दवाखान्यात रोज सांगतो, कुणी ऐकत नाही. जवस खुशाल खा, नीट कुटून. त्यातल्या ओमेगा-३चं माशासारख्या ओमेगा-३मध्ये रूपांतर फारच थोडं होतं, एवढं लक्षात असू द्या.

बाळीवेस (रात्री ९.१५)
रक्ताची गोळी चालू नाही, विचारलं. तरी बाटली कपाटातच आहे, मेडिकलवाला परत घेईना. जवसाची चटणी मात्र चालूच राहणार, त्यावर माघार नाही. आज भाकरी आमटीत चुरून दिली. आईनं खाल्ली, पण म्हणाली, "भिजवूनच खायची तर ती कडक कशाला करायची?" कन्ना चौकच्या ताई, याला काय उत्तर देऊ?

कन्ना चौक (रात्री ९.४०)
मऊ करून देते म्हणावं, उद्या या. पाच घ्या, आईपुरत्या.