मदत हवी आहे: केनियातल्या लेकीचा वाढदिवस

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्याचे, घोडबंदर रोडला राहतो. लेक सध्या केनियात किसुमूजवळच्या गावातल्या शाळेत व्हॉलंटियर आहे आणि पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस, घराबाहेरचा पहिलाच. पोरांसाठी तिला स्वतः काहीतरी गोड करायचंय, पण ओव्हन नाही, कोळशाची शेगडी आहे फक्त. रवा-साखर मिळेल, पण शेगडीवर शंभरेक पोरांचा शिरा खाली न लागता कसा करायचा? की लाडूच बरे, आदल्या दिवशी वळून ठेवता येतील? तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे आपल्याकडे रात्री बारा तेव्हा तिकडे साडेनऊ, तर औक्षण व्हिडिओ कॉलवर करणारच आहे मी. इथून कोणी एम-पेसावर (तिकडची मोबाइलवरून पैसे देण्या-घेण्याची सेवा) पैसे पाठवलेत का? कसे पाठवले, प्लीज सांगा.