मदत हवी आहे: आणीबाणीतल्या स्थानबद्धतेची कागदपत्रं कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. माझे आजोबा आणीबाणीत मिसाखाली (विनाखटला स्थानबद्ध करण्याचा कायदा) येरवडा तुरुंगात होते. शाळामास्तर, पक्षाबिक्षाचे कोणी नव्हेत. हमीपत्रावर सही केली असती तर लवकर सुटले असते, असं आजी सांगायची. सही का केली नाही, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. घरात उरलंय एक पोस्टकार्ड, तुरुंगाचा शिक्का मारलेलं. त्यात फक्त म्हशीची चौकशी!

आजोबांवर एक टिपण लिहितोय. मोठी नावं सापडतात. 1975 च्या कराड साहित्य संमेलनात यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असतानाही अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोललेल्या दुर्गाबाई भागवत. किंवा एप्रिल 1976 मध्ये, स्थानबद्धाला कोर्टात दाद मागता येणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी दिला तेव्हा एकटे विरोधात गेलेले न्या. खन्ना. पुढे ज्येष्ठता डावलून त्यांचं सरन्यायाधीशपद हुकवलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. (त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूडही होते, हे मला आत्ता कळलं. जरा लागलंच.)

पण साध्या मास्तरांचं काय? स्थानबद्धतेचा मूळ आदेश जिल्हाधिकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळतो की तुरुंगाकडे मागायचा? माहिती अधिकारात कुणी असे कागद मिळवलेत का? अर्जात नेमकं काय लिहिलंत? आणि त्या काळात येरवड्यात असलेलं तुमच्या घरातलं कुणी बोलायला तयार असेल तर कृपया कळवा. पुण्यात येऊन भेटेन.