रात्री 10 नंतरच्या विमानांचे नियम आत्ताच ठरवायला नकोत का?

पनवेलची_मीना
नवी मुंबई विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला सुरू झाला तेव्हा वेळ होती सकाळी 8 ते रात्री 8. पण बांधलाय तो चोवीस तासांसाठी. म्हणून म्हणते, रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेसाठी आवाजाचे वेगळे नियम आधीच लिहून घ्या. एकदा वेळापत्रक भरलं की दिलेली वेळ कुणी परत घेत नाही. आमचं घर धावपट्टीच्या पूर्वेला, उतरणाऱ्या विमानांच्या वाटेवर. आईशी फोनवर बोलताना मध्येच "थांब गं, विमान जाऊ दे" म्हणावं लागतं. खिडकीची सरकती काच खडखडते. दिवसा चालतं. पण सासऱ्यांची झोप एकदा मोडली की पहाटेपर्यंत डोळा लागत नाही.

चिंचपाडा_ते_वडघर
ताई, राग मानू नका. विमानतळासाठी आमची दहा गावं उठवली. उलव्याचा डोंगर सुरुंग लावून फोडला, तेव्हा परातीतल्या पिठात वरून माती पडायची. त्या वेळी कुणी आवाज मोजायचं मीटर घेऊन आल्याचं मला आठवत नाही. 'विमानतळापासून 10 मिनिटे' वाचून फ्लॅट घेतले गेले, आता तोच विमानतळ नको? आमच्या पोरांना कामं मिळणार ती सामान चढवायची, सुरक्षेची, टॅक्सीची, आणि त्यातली निम्मी रात्रपाळीची. आखातात, युरोपात जाणारी कितीतरी विमानं मुंबईतून रात्रीच सुटतात. रात्र बंद करणं म्हणजे आमच्या पोटावर पाय.

पनवेलची_मीना
दादा, तुमच्या घराची भरपाई माझ्या झोपेनं होणार नाही, हे मला कळतं. पण 'बंद करा' असं मी लिहिलेलंच नाही. आणि युरोपची विमानं आपल्याकडून मध्यरात्री का निघतात, तेही बघा. फ्रँकफर्टला 2011 पासून रात्री 11 ते पहाटे 5 ठरलेली विमानं उतरतच नाहीत. त्यांनी त्यांच्या माणसांची झोप राखली. आपल्यासाठी निदान कुणी विचार तरी करावा.

खारघरचा_अमेय
नियम आहेत की! केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेत वर्षाला 50,000 हून जास्त वेळा विमानं उतरतात-उडतात अशा विमानतळांसाठी दिवसा 70 आणि रात्री 65 डेसिबलची मर्यादा आहे. आणखी वेगळं कशाला? कोपरखैरणे-घणसोलीवाले कित्येक वर्षं मुंबईला उतरणारी विमानं डोक्यावर घेऊन जगतायत.

निवृत्त_कंट्रोलर
अमेय, ती मर्यादा सरासरीची आहे आणि घोळ तिथेच आहे. रात्रीच्या आठ तासांत तीन विमानं गेली, प्रत्येकाचा आवाज 85 डेसिबल, 20-20 सेकंद. बाकी रात्र शांत धरली तर सरासरी येते 58 च्या आसपास. कागदावर सगळं ठीक, आणि घरातलं माणूस तीनदा दचकून उठलेलं. म्हणून एकेका विमानाचा कमाल आवाज मोजायला हवा. कोपरखैरण्याशीही तुलना नको. ते मुंबईच्या धावपट्टीपासून दहा किलोमीटरच्या पलीकडे आहे. तीन अंशांच्या उतारानं येणारं विमान धावपट्टीपासून पाच किलोमीटरवर जेमतेम अडीचशे मीटर उंचीवर असतं.

मीनाताई, दिशा मात्र आपल्या हातात नाही. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं आणि उडतं. इथे वारा बहुतेक वेळ पश्चिमेचा, म्हणून उतरणं पनवेलवरून, उडणं उलव्याच्या बाजूला. पण हातात बरंच आहे. मध्ये सपाट न उडता एकसारखं खाली येत राहिलं तर इंजिनाचा जोर कमी लागतो. चाकं आणि पंखांचे फ्लॅप (उतरताना पंखांच्या मागून बाहेर काढतात त्या झडपा) लवकर काढले तर नुसत्या वाऱ्याचाच केवढा घोंघाट होतो, ते वेळेवर काढावेत. धावपट्टी 3,700 मीटर आहे. ती कोरडी असेल, तर रात्री उतरल्यावर वेग कमी करायला इंजिनाचा झोत पुढे वळवून ते जोरात चालवण्याची गरज बहुतेक विमानांना नसते. दुरुस्तीनंतरची इंजिन चाचणी दिवसा करा. यात एकही फेरी कमी होत नाही, चिंचपाडावाल्यांची रात्रपाळीही जात नाही.

खारघरचा_अमेय
सरासरीचा मुद्दा पटला. पण वेगळे नियम झाले की विमान कंपन्या खर्च तिकिटावर टाकतात, हे तुम्ही दोघेही धरत नाही. जुनी, जास्त आवाजाची विमानं रात्री नकोत, इथपर्यंत मी येईन. त्यापुढे नाही.

चिंचपाडा_ते_वडघर
पोरांची पाळी राहणार असेल तर माझी हरकत नाही. एक मात्र करा, मीटर फक्त सोसायट्यांच्या गच्चीवर बसवू नका. आमच्या पुनर्वसनातल्या शाळेवरही एक बसवा. पुन्हा विमानतळाच्या शेजारीच आणून बसवलंय आम्हाला.